तू पुढे हो

प्रवासात माणसाची परीक्षा होते, असे वडीलधारी मंडळी नेहमी सांगत असतात. ही परीक्षा वाटेतले चढ-उतार घेतात, अशी माझी समजूत होती. गेल्या मार्गशीर्षात इंदुराहून ओंकारेश्वर, महेश्वर व मांडवगड असा चार दिवसांचा प्रवास मी एका मित्रासह सायकलने केला, तेव्हा ती समजूत पहिल्याच दिवशी खोटी ठरली.

इंदूर ते ओंकारेश्वर हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. खंडव्याच्या रस्त्याने सिमरोल मागे पडले की माळव्याचे पठार सरते आणि भेरूघाट उतरून निमाडात प्रवेश होतो. पुढे बलवाडा, बडवाह, मग मोरटक्क्याचा नर्मदेवरील पूल, आणि पूल ओलांडून डावीकडे वळले की ओंकारेश्वराची वाट. माझा मित्र कारखान्यातील रात्रपाळी आटोपून, जेमतेम दोन तास झोपून आला होता. निघता निघता दहा वाजले. त्यात सिमरोलपाशी चाक पंक्चर होऊन आणखी एक तास गेला. शयनारतीचे दर्शन घ्यायचे, हा संकल्प माझा होता. आरतीच्या वेळी देवापुढे ठेवण्यासाठी वडिलांनी नारळ व बेलाची जुडी दिली होती. मित्राच्या सायकलचे कॅरियर रुंद, म्हणून ती पिशवी त्याच्याकडे बांधली.

घाटात मी सुसाट उतरलो. त्याचे ब्रेक जुने होते. मालमोटारींच्या रांगेतून तो जपून, कडेकडेने येत होता. पायथ्याशी मी पाव तास थांबलो, पाणी प्यालो, पाय मोकळे केले. तो पोहोचताच मी "चल" म्हणून सायकलवर बसलो. पुढेही दोन वेळा असेच घडले. दर वेळी मला वाटे, आपण किती समजूतदारपणे वाट पाहत आहोत! परंतु थांबण्याची विश्रांती सारी मलाच मिळत होती; तो मात्र पोहोचताक्षणी पुन्हा निघत होता. जो मागे असतो त्याला थकवाही अधिक व विसावाही कमी, हे साधे गणित तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

बलवाड्याला त्याचा गुडघा दुखू लागला. सूर्य कलला होता. मी घड्याळाकडे पाहिले आणि त्याने मी पाहिलेले पाहिले. तो म्हणाला, "तू पुढे हो. तुझी आरती चुकायला नको." "येशील ना नीट?" असे मी विचारले खरे, पण उत्तराची वाट न पाहता निघालो.

आरती मिळाली. दिव्यांच्या उजेडात हात जोडून उभा राहिलो, तेव्हा आठवले की आपले हात रिकामे आहेत. नारळ मागे, अंधाऱ्या रस्त्यावर, दुखऱ्या गुडघ्याच्या सोबत येत होता. बाहेर येऊन त्याला फोन लावला, तर त्याचा फोन बंद. रात्री साडेदहाला, मोरटक्क्यापासूनचे सुमारे १२ किलोमीटर बहुतेक पायीच सायकल ढकलीत, तो आला. पहिला प्रश्न त्याने विचारला, "मिळाली का आरती?" त्या प्रश्नात रोषाचा लवलेशही नव्हता. मग त्याने दोरी सोडून पिशवी माझ्या हाती दिली.

आता प्रश्न असा की, माझे चुकले काय? संकल्प पाळणे हा धर्मच होय. मित्र आजारी नव्हता, रस्ता वर्दळीचा होता. आणि मुख्य म्हणजे त्याने स्वमुखाने अनुज्ञा दिली होती. ज्याला सोडून जायचे तोच "जा" म्हणत असता दोष उरतो कोठे? त्या रात्री धर्मशाळेत मी मनाशी हाच युक्तिवाद पुनःपुन्हा केला. निर्दोष माणसाला इतका युक्तिवाद करावा लागत नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

अशा वेळी महाभारतातील महाप्रस्थानाचा प्रसंग आठवतो. वाटेत द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम पडले. धर्मराज मागे न पाहता चालत राहिला. वरवर पाहता ही कथा माझ्याच बाजूची आहे. पण पुढे एका कुत्र्यासाठी तो स्वर्ग नाकारतो, आणि भाऊ सोडलेस तर हे कुत्रे का सोडीत नाहीस, असे इंद्र विचारतो, तेव्हा धर्मराजाच्या उत्तराचा आशय असा की, ते मृत झाले होते, मी त्यांना उठवू शकत नव्हतो. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. सगळा निवाडा या एका भेदात आहे. जेथे आपल्या थांबण्याने काहीच होणार नाही तेथे पुढे जाणे क्षम्य. जेथे होणार आहे तेथे नाही. बलवाड्याला माझ्या थांबण्याने पुष्कळ झाले असते.

अनुज्ञेचे म्हणाल तर, "तू पुढे हो" हे शब्द त्याच्या औदार्याचे होते. त्याच्या औदार्यावरून माझे निर्दोषत्व सिद्ध होत नाही. देणाऱ्याने मोठ्या मनाने दिले म्हणून घेणाऱ्याने ते घ्यावेच असे कोठे आहे?

याचा अर्थ समर्थाने नेहमी मागेच राहावे, असाही नव्हे. समोरून वारा असला की सायकलस्वारांतील बळकट गडी पुढे होतो, वारा अंगावर घेतो, आणि त्याच्या आडोशाने मागच्याला कमी श्रम पडतात. पण त्यासाठी मागच्याच्या चालीने चालावे लागते. सोबत्याला अपघात झाला तर मदत आणण्यासाठी त्याला सोडून धावावेच लागते. तेव्हा पुढे जाणाऱ्याने एकच प्रश्न स्वतःला विचारावा : मी कोणासाठी पुढे जात आहे? बलवाड्याला हा प्रश्न विचारला असता तर उत्तर अवघड नव्हते.

शंकराचार्यांना त्यांचे गुरू गोविंदपाद ओंकारेश्वरी भेटले, अशी परंपरा आहे. तेथील मांधाता पर्वतावर २०२३ साली आचार्यांची १०८ फूट उंचीची मूर्ती उभी राहिली. अद्वैताच्या त्या भूमीत मी 'माझी' आरती आणि 'त्याचा' गुडघा असा भेद करीत पोहोचलो होतो.

सकाळी आम्ही दोघे मिळून झुलत्या पुलावरून गेलो, बेल वाहिला, नारळ फोडला. परतताना ममलेश्वराचेही दर्शन घेतले. क्षमा मागण्याचे शब्द मला सुचले नाहीत, आणि त्याने त्यांची वाट पाहिली नाही. महेश्वरच्या वाटेवर पहिल्या चढाच्या माथ्यावर मी थांबलो. तो आला. मी सायकलला हात लावला नाही. त्याने पाणी प्यायले, गुडघा चोळला, बराच वेळ खालच्या शेतांकडे पाहिले, आणि मग तोच म्हणाला, "चल."