'पुन्हा सुरू होतं, फादर!'

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट आहे. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या दाराशी उभे होतो. नवीन पनवेलात राहणारी आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या दोन मुलांना घेऊन पुढे आली. थोरला १३ वर्षांचा, वेदीसेवक. धाकटा ६ वर्षांचा. "फादर, हा दिवसभर संगणकावर मारामारीचा खेळ खेळत बसतो. त्यात देवी काय, त्रिशूळ काय, राक्षस काय! तुम्हीच एकदा घरी येऊन बघा आणि हे पाप आहे की नाही ते याला सांगा." थोरल्याने मान खाली घातली होती. त्या क्षणी एखादे ठरावीक उत्तर देऊन आम्हांला मोकळे होता आले असते. परंतु स्वतः न पाहिलेल्या गोष्टीवर निवाडा देण्याची सवय आम्हांला एकदा फार महाग पडली आहे. ती हकिकत पुढे येईलच. म्हणून 'उद्या संध्याकाळी येतो' एवढेच सांगितले आणि ठरल्याप्रमाणे गेलो.

खेळाचे नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. असे खेळ जपानहून नाहीतर अमेरिकेहून यायचे, अशी आमची समजूत. हा मात्र आपल्या पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने बनविलेला आहे. २०१७ साली त्यांनी जमवू पाहिलेली लोकवर्गणी अपुरी पडली. तरीही काम न सोडता त्यांनी तो ऑगस्ट २०२० मध्ये जगापुढे आणला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या पारितोषिकांत नवोदित निर्मात्यांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

कथा साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी अनाथ भावंडे. असुरांची धाड पडते आणि ते लहान मुलांना पळवून नेतात. त्यांत गोलूही जातो. महाबलासुर हा त्यांचा म्होरक्या. दुर्गा राजीच्या हाती त्रिशूळ देते, पुढे धनुष्य आणि ढाल-तलवारही येते, आणि ही पोर भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून आपल्याला तिची हकिकत कळत जाते. मधले काही कथाभाग छाया-बाहुल्यांच्या रूपात दाखविले आहेत. ते पाहताना आम्हांला कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. राजस्थानी गडांची आठवण करून देणारे बुरूज, जाळीदार सज्जे, कमळांनी भरलेली तळी असे सारे इतके देखणे आहे की हा खेळ केवळ पाहण्यासाठीही घरात आणावा. दोषही आहेत. दृश्य दुरून दिसत असल्याने उडी नेमकी कोठे पडेल याचा अंदाज चुकतो. लढाईत राजीचे अंग कधी कधी जडावल्यासारखे वाटते. आणि कथा ऐन रंगात आली असता तुटते, अशी तक्रार पुष्कळ खेळणाऱ्यांनी केली आहे.

त्या माउलीच्या मनातील पहिली शंका देवदेवतांविषयीची होती. तिला आम्ही एवढेच म्हणालो की, शेजाऱ्याच्या श्रद्धेची गोष्ट आदराने ऐकल्याने आपली श्रद्धा पातळ होत नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणासाठी याच मातीतील पुराणांचा घाट निवडला. ही भूमी कथेतून ऐकते, हे त्या परदेशी धर्मगुरूने ओळखले होते. आमचे कुतूहल निराळ्याच गोष्टीविषयी होते. या खेळात वाटेवरच्या भिंतींवर पुराणकथांची चित्रे आहेत. समोर थांबले तर त्यांची कथा ऐकू येते आणि न थांबता पुढे पळाले तरी काही अडत नाही. "बाळा, तू ही चित्रे ऐकलीस का रे?" असे विचारताच पोरगा हसला. "त्यात वेळ जातो, फादर."

मग त्याने ते बटनांचे यंत्र आमच्या हाती दिले. पन्नाशी उलटलेल्या आमच्या बोटांना ते कसे जमावे? "पळा, फादर! आता उडी! भिंतीवरून पळा!" असा त्याचा गजर चाललेला, आणि राजी आमच्या हातून कधी दरीत कोसळे, कधी असुराच्या तलवारीखाली सापडे. सहा-सात वेळा ती मेली. आम्ही अगदी ओशाळलो. तेव्हा मुलाने आमच्या पाठीवर हात ठेवून मोठ्या मायेने सांगितले, "काही होत नाही, फादर. पुन्हा सुरू होतं."

खरोखरच होत होते. राजी पडलेल्या जागेच्या थोडे अलीकडे उभी राही. अंगावर ओरखडा नाही. मारलेले असुरही नव्याने हजर. जणू काही घडलेच नव्हते.

याच सुमारास धाकट्याने "आता मी, आता मी" म्हणून थोरल्याची बाही ओढायला सुरुवात केली. यंत्र पुन्हा थोरल्याच्या हाती होते आणि लढाई ऐन रंगात होती. त्याने न पाहता कोपराने धाकट्याला ढकलले. ते पोर टीपॉयच्या कडेवर आपटले, ओठ फाटला, रक्त आले. थोरला पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "सॉरी! काही होत नाही." आई स्वयंपाकघरातून धावत आली. आणि येथे आम्हांला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही त्या लेकरापासून हातभर अंतरावर बसलो होतो, परंतु ते पडल्याचे आम्हांलाही त्याच्या रडण्यावरूनच कळले. आमचेही डोळे राजीकडेच होते. एक बहीण पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधत होती. तिला गोलू सापडावा म्हणून आम्ही दोघे श्वास रोखून बसलो होतो, आणि घरातला गोलू आमच्या पायाशी रक्ताळलेला पडला होता.

ओठाला दोन टाके पडले. रात्री वडाळे तलावाच्या काठाने परतताना काइनाला विचारलेला प्रश्न आमच्या मनातून जाईना : तुझा भाऊ कोठे आहे?

आता या प्रकाराचा दोष खेळावर टाकावा काय? तो मोह सोपा आहे; परंतु न्यायाचा नाही. सेमिनरीत आम्ही शिकलो होतो की खेळ हा मुळात दोषास्पद नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी त्या संदर्भात प्रेषित योहानाची एक जुनी कथा दिली आहे. योहान शिष्यांसमवेत खेळताना पाहून काही जण नाराज झाले. तेव्हा त्याने त्यांच्यापैकी धनुष्य बाळगणाऱ्या एकाला बाण सोडायला सांगितले. एकामागून एक बरेच बाण सोडून झाल्यावर विचारले, 'असे अखंड करता येईल का?' तो उत्तरला, 'धनुष्य मोडेल.' माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजावले. मात्र अक्वायनस लगोलग तीन पथ्येही सांगतात. खेळात अशोभनीय वा घातक काही नसावे. खेळताना मनाचा तोल सर्वस्वी सुटू नये. आणि खेळ व्यक्तीला, वेळेला व स्थळाला शोभणारा असावा. पहिल्या पथ्यावर 'राजी' सहज उतरते. त्या घरी त्या संध्याकाळी मोडले ते दुसरे पथ्य, आणि ते मोडण्यात एका धर्मगुरूचाही हात होता.

परंतु खरा प्रश्न याच्याही पलीकडचा आहे, आणि तो त्या मुलाच्या वाक्यात दडलेला आहे. राजीच्या उड्यांवर ज्या जुन्या खेळाची छाया आहे, तो म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. १९८९ सालच्या त्या खेळात राजकन्येला सोडविण्यासाठी ६० मिनिटे मिळत. राजपुत्र कितीदाही मेला तरी पुन्हा उभा राही. परंतु घड्याळ मागे जात नसे. म्हणजे पडण्याची काही तरी किंमत होती. २००३ साली त्याच मालिकेत 'द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ आला. त्यात राजपुत्राजवळ एक खंजीर असतो आणि त्यातील वाळूच्या बळावर तो काही क्षण काळच मागे फिरवू शकतो. चुकलेली उडी चुकलीच नाही असे होते. शेवटी मोठे अरिष्ट टाळण्यासाठी तो सारा काळच मागे नेतो. अरिष्ट टळते, पण साऱ्या संकटांत जिने साथ दिली ती फारा आता त्याला ओळखतही नाही. दोघांनी मिळून सोसलेले सारे पुसले गेले आहे.

आम्हांला वाटते, हा शेवट रचणाऱ्याला एक खोल गोष्ट उमगली होती. चूक समूळ पुसायची तर तिच्याबरोबर ती चूक ज्याने सोसली तो माणूसही आपल्यापुरता पुसला जातो.

पुन्हा सुरुवात करू देणे हा तर आमच्या व्यवसायाचाच गाभा आहे, असे कोणी म्हणेल. पापनिवेदनाच्या खुर्चीवर बसून आम्ही गेली कित्येक वर्षे दुसरे काय करीत आलो? ते खरे आहे. परंतु खेळातील पुनरारंभ आणि क्षमा यांत अंतर आहे. खेळात घडलेले कोणालाच आठवत नाही. क्षमा करणाऱ्याला सारे आठवत असते आणि तरीही तो दार उघडतो. म्हणून क्षमेला किंमत असते, आणि ती बहुधा क्षमा करणाराच मोजतो. क्षमा मिळालेल्याच्या वाट्यालाही काही काम येते. जक्कयाला प्रभूने जवळ केले तेव्हा 'झाले गेले विसरा' असे तो म्हणाला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्यास तो उभा राहिला. आणि स्वतः पुनरुत्थित ख्रिस्त थोमासमोर आला तो जखमांसह. मरणावर मात करून आलेल्या देहावरूनही खिळ्यांचे व्रण पुसले गेले नव्हते.

आता ती राहिलेली हकिकत. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, दानपेटीतील पैसे गेले. आम्ही चौकशी न करता, ऐकीव गोष्टीवरून, एका मुलाला साऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गासमोर चोर म्हटले. महिन्याभरात खरा प्रकार उघडकीस आला. मुलगा निर्दोष होता. आम्ही त्याच्या वडिलांना एकांतात भेटून दिलगिरी व्यक्त केली आणि विषय संपला असे मानले. आरोप वर्गासमोर केला होता. माफी मात्र दाराआड मागितली. तो मुलगा पुन्हा वर्गात आला नाही. काही वर्षांपूर्वी पनवेलच्या एस.टी. स्थानकावर एका तरुणाने आमच्या हातातील पिशवी घेतली. "फादर, ओळखलंत?" आम्ही ओळखले. तोंडातून शब्द फुटेना. तोच म्हणाला, "मी रागावलेलो नाही आता. पण चर्चमध्ये मी अजून शेवटच्या बाकावर बसतो." त्याने आम्हांला गाडीत बसवून दिले. त्याची क्षमा खरी आहे याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही, आणि तो शेवटचा बाकही तितकाच खरा आहे. त्या वर्गात आम्हांला पुन्हा उभे राहता येणार नाही.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसतो. पूर्वी तरुणांना घेऊन आम्ही त्या गडावर जात असू. तेथे पाऊल घसरले तर अलीकडच्या पायरीवर कोणी नव्याने उभे करीत नाही, हे प्रत्येकाच्या पायांना ठाऊक असे, आणि म्हणूनच पुढचा मागच्याला हात देई. आजच्या मुलांना असे डोंगर थोडेच भेटतात. इमारतींच्या गर्दीत मैदानेही आक्रसली आहेत. ती पडद्यावरच्या गडांवर चढतात, याचा दोष त्यांना द्यावा असे आम्हांला वाटत नाही. पडण्याची भीती न बाळगता पुनःपुन्हा प्रयत्न करायला हे खेळ शिकवितात, हा त्यांचा गुणच म्हणावा. फक्त 'काही होत नाही' हे वाक्य पडद्याच्या चौकटीतच राहिले पाहिजे.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. माउलीला सांगितले की हा खेळ पाप नव्हे. मग थोरल्याशी बोललो. त्याला एकच नियम घालून दिला : राजी पडली की यंत्र धाकट्याच्या हाती द्यायचे, तो पडला की तुझ्या हाती. पोरगा थोडा कुरकुरला, कारण धाकटा क्षणोक्षणी पडणार आणि खेळ पुढे सरकणार नाही, हे त्याला दिसत होते. आम्ही म्हटले, "सरकू नये."

परवा मिस्सेनंतर दोघे भेटले. थोरला सांगत होता की धाकट्याला लढता येत नाही, पण भिंतीवरच्या प्रत्येक चित्रापुढे तो थांबून राहतो, त्यामुळे आता सगळ्या कथा पाठ झाल्या आहेत. बोलता बोलता त्याचे लक्ष धाकट्याच्या ओठावरील त्या बारीक पांढऱ्या रेषेकडे गेले आणि तो क्षणभर थांबला. आम्ही काही बोललो नाही. आईबापांनो, मुलांच्या हातातील खेळ हिसकावण्यापूर्वी एकदा त्यांच्याशेजारी जाऊन बसा, एवढीच आमची विनंती आहे. बसल्यावर मात्र डोळे पडद्यावर ठेवू नका.