गुरुवचनाची परीक्षा

गुरूने सांगितलेली गोष्ट शिष्याने तपासून पाहावी काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु योगविद्येत त्याला विशेष धार येते, कारण अनुभव आणि चमत्कार यांची सरमिसळ येथे फार लवकर होते. आपल्या हैदराबादेतीलच एक प्रसंग पाहा. स्वामी विवेकानंद फेब्रुवारी १८९३ मध्ये येथे आले होते व सिकंदराबादेच्या महबूब कॉलेजात त्यांचे व्याख्यानही झाले. त्या मुक्कामात एका ब्राह्मणाने, अंगावर केवळ लंगोटी व पांघरायला दिलेली कांबळ असताना, मागाल ती फळे, वाफाळता भात आणि दवाने भिजलेले गुलाब काढून दाखविले. विचारता तो म्हणाला, ही हातचलाखी आहे. विवेकानंदांनी ही हकीकत १९०० साली अमेरिकेत सांगितली. ते उत्तर त्यांना पटलेले नव्हते.

अशा कथा ऐकून आपण नमस्कार करतो, किंवा हसतो. दोन्हींत श्रम वाचतात. तिसरा मार्ग धरला तो जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी. डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी जन्मलेल्या या संस्कृतज्ञाने बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावले आणि पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींच्या चरणी योग शिकला. गुरूंवर त्यांची निष्ठा अढळ होती. तरीही शिकविलेल्या क्रिया त्यांनी रुग्णालयातील क्ष-किरणांपुढे आणि दाबमापकापुढे नेल्या. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले, ते या प्रयोगांचे निष्कर्ष सर्वांपुढे मांडण्यासाठीच.

बस्तिक्रियेत योगी पिचकारीवाचून पाणी आत ओढून घेतो. कसे? नौलीच्या वेळी पोटाचे स्नायू विशिष्ट रीतीने आकुंचन पावले की आतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असे मोजमापाने आढळले. या अंशतः निर्वाताला कुवलयानंदांनी आपल्या गुरूंचे नाव दिले: माधवदास-निर्वात. परीक्षा हा गुरुद्रोह, असे ज्यांना वाटते त्यांनी या नावाकडे पाहावे.

येथे गुरुपरंपरेला पुष्टी मिळाली. म्हणून हे उदाहरण सोपे. अवघड कसोटी प्राणायामाची. दीर्घ प्राणायामाने शरीरास पुष्कळ प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हा होती आणि कोठी-सुलतानबाजार भागातील आपल्या घरांतून आजही ऐकू येते. मराठीने ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हटल्यामुळे ती अधिकच घट्ट बसली असावी. भाषाही कधी कधी असा चकवा घालते. श्वसनातील वायू मोजल्यावर कुवलयानंदांना तसा विशेष लाभ दिसला नाही. श्वास दीर्घ होतो, पण त्यांची संख्याही घटते. प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र, दाबांतील फेरबदलांत व मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधावे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. योगाच्या प्रचारकाला त्या भाबड्या समजुतीचा केवढा उपयोग झाला असता! १९२७ साली महात्मा गांधींसारखे पुरुष त्यांचा सल्ला घेत होते. कोण विचारणार होते?

आक्षेप एकच राहतो, आणि तो क्षुल्लक नव्हे. दाबमापकाला दाब कळतो, चित्तवृत्तींचा निरोध कळत नाही. मोजता येते तेवढ्यालाच योग म्हणू लागलो, तर कैवल्याच्या जागी पोटाचे आरोग्य येऊन बसेल. २०१५ पासून २१ जून रोजी साजऱ्या होणाऱ्या योगदिनाची छायाचित्रे पाहता तसे बरेचसे झालेही आहे. त्याचा थोडा दोष या संशोधनपर्वाकडे जातो, हे माझे मत मी लपवीत नाही. परंतु कुवलयानंदांनी संस्थेला नाव दिले ते कैवल्याचे, आणि प्रयोगशाळेच्या जोडीने हठयोगाच्या जुन्या ग्रंथांचे संपादनही तेथे चालविले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला. लोणावळ्यास ही दोन्ही कामे अद्याप चालू आहेत.