वाळीत पडण्याची तयारी

अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, तुळशीदासाने तानाजीचा. मराठी मनातलं धैर्य बराच काळ डफाच्या त्या तालावरच उभं होतं. समोर शत्रू, हाती तलवार आणि एका रात्रीत निकाल. शत्रू ओळखीचाच असेल, रोज पाणवठ्यावर भेटणारा असेल, तर काय करायचं, हे शाहिराला कोणी विचारलं नव्हतं.

ती वेळ एकोणिसाव्या शतकात आली. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांवर रस्त्यात शेण-चिखल पडू लागला. त्या सोबत जादा लुगडं नेत, असं सांगतात. मला त्या शेणापेक्षा हे लुगडं मोठं वाटतं. आजही अंगावर घाण पडणार, हे घरातून निघतानाच धरून चालायचं आणि तरी वेळेवर वर्गात पोहोचायचं. उसळत्या रक्ताचा इथे काही उपयोग नाही.

धोंडो केशव कर्वे तर पोवाड्याला अगदीच गैरसोयीचे. अबोल, भिडस्त, गणित शिकवणारे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. बहिष्काराची मेख अशी, की त्याची झळ घरच्यांनाही बसते. मुलाला घरात घेतलं तर आई-भावंडंही वाळीत. स्वतः सोसणं एक वेळ जमतं. आपल्या निर्णयाची किंमत आईने मोजलेली पाहणं फार अवघड. पुढे त्यांनी विधवांसाठी काढलेला आश्रम हिंगण्याला गेल्यावर दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचं आणि मग हिंगण्याची वाट पायी तुडवायची, असा त्यांचा क्रम होता. यावर पोवाडा कसा रचणार? (त्यांच्या चिरंजीवांनी, रघुनाथरावांनी, १९२७ पासून संततिनियमनाचा प्रचार करणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यासाठी खटले अंगावर घेतले. त्यांना तर वडिलांएवढा मानही मिळाला नाही.)

इथवर धैर्य एकेकट्याचं होतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. कागदी ठरावाने काय होतं, असं विचारणारे भेटतातच. माझ्या मते बरंच होतं. ऐन दुःखात एका बाईने सगळ्या भावकीला ‘नाही’ म्हणायचं, ही अपेक्षाच निर्दय आहे. ठरावामुळे तिच्यासाठी तो नकार गावाने आधीच देऊन ठेवलेला असतो. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदाही मला याच रांगेतला वाटतो. बहिष्कार घालणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सामान्य माणसाला चांगलं वागायला कर्व्यांएवढी छाती लागू नये, यासाठीच असली व्यवस्था हवी.

बहिष्काराची तक्रार मात्र अजूनही त्याच गावात राहणाऱ्याला नोंदवावी लागते. पोलीस जबाब घेऊन निघून जातात. दुकान, गिरणी, शेताचा बांध यांच्याशी त्यालाच निभवायचं असतं. तेवढं धैर्य कायद्याने अजून कमी केलेलं नाही.