ओठांवरचा लाल

भाची मानसशास्त्र शिकते. पावसाळ्यात वाशिंदला आली तेव्हा तिने पुठ्ठ्यावर स्केचपेनने शब्द लिहिले: 'लाल' हिरव्या रंगात, 'निळा' पिवळ्यात. वाचायचं नाही, रंग सांगायचा. तीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलेली मी तिसऱ्याच शब्दाला अडले. आई ऐंशीची, अक्षर ओळखत नाही. तिने घडाघडा सांगितलं, "हिरवा, पिवळा... त्यात काय हाय?"

जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने 1935 मध्ये हीच चाचणी छापली. शंभर रंगांना सरासरी 63 सेकंद लागत. तेच रंग विजोड शब्दांतून ओळखायचे तर 110. पुढे हा माणूस बायबल शिकवण्यातच रमला.

वेदान्त म्हणतो, नामरूपाने वस्तू झाकली जाते. मग आईच मुक्त म्हणायची? रात्रभर मला तसंच वाटत राहिलं. बेणणीला भातासारखंच दिसणारं तण तिच्या बोटांना बरोबर सापडायचं, तेही आठवलं. पण सकाळी 'तुझं मन भरकटत नाही का' असं विचारलं तर म्हणाली, "हरिपाठात तोंड चालतं, मी चुलीपाशी असते." म्हणजे तिचंही एक वाचन आहे, आपोआप होणारं. पुठ्ठ्यावर तिला काही आवरावंच लागलं नव्हतं, एवढंच.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे अवधान मागतात. मन कोरं करून या, असं ते मागणं नसावं. कोरं मन कुणाचं असतं? 'लाल' ओठांवर येतोच. तो येऊ द्यायचा, त्याच्यामागे जायचं नाही, आणि 'हिरवा' म्हणायचं. त्या अर्ध्या क्षणात कुणीतरी उभं असतं. त्याला साक्षी म्हणणं मला पटत नाही. साक्षी नुसता पाहतो, याने तर ओठ धरले. मी त्याला विवेक म्हणेन. या शब्दाच्या मुळाशी वेगळं काढणंच आहे. भाचीने मध्येच नियम बदलला, "आता शब्द वाच," तेव्हा धरलेले ओठ सोडायलाही तोच लागला. आजवर मी विवेक मोठ्या निर्णयांत शोधत होते, पण तो इतका लहान, इतका रोजचा असतो.

संध्याकाळी आई हरिपाठाला बसली. भातसा नदीच्या बाजूने पाऊस येत होता, कसारा लोकल भोंगा देत गेली. चौथ्या-पाचव्या अभंगाला ती थांबली.

"हा म्हटला का गं मी?"

मलाही सांगता येईना. तिने पुन्हा पहिल्यापासून धरला.