साबणाचें हिम

‘कृत्रिम’ या शब्दाला आपल्या भाषेंत अलीकडे जी अपकीर्ति आली आहे ती त्याला मुळांत नव्हती. जें केल्यानें होतें तें कृत्रिम, एवढाच त्याचा मूळ अर्थ. धर्मशास्त्रकारांनीं जे बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत त्यांत ‘कृत्रिम’ नांवाचा एक आहे, आणि मनूनें त्याला दायाद बांधवांत, म्हणजे वारसा मिळणाऱ्यांत, बसविलें आहे. असें असतां एखादें हसणें, एखादें नाटक किंवा एखादा उत्सव ‘कृत्रिम’ आहे एवढें म्हटलें कीं त्याचा निकाल लागला असें आपल्या सुशिक्षितांस वाटतें. अमेरिकेंतील डिस्नेलँड या करमणुकीच्या नगरीविषयीं तर हा शब्द इतक्या वेळां योजला गेला आहे कीं, ती न पाहतांच तिच्याविषयीं मत देण्याची सर्वांची सोय झाली आहे.

आम्हीं ती पाहिली, आणि तीही ऐन नाताळांत. आमचे धाकटे बंधू नोकरीच्या निमित्तानें दक्षिण कॅलिफोर्नियांत राहतात. एका हिवाळ्याच्या सुटींत आम्ही सकुटुंब त्यांच्याकडे गेलों होतों, आणि नाताळच्या आदल्या दिवशीं मातोश्रींपासून बंधूंच्या सहा वर्षांच्या कन्येपर्यंत सर्व मंडळी ॲनाहाइम येथें दाखल झालीं. ज्या जागेवर संत्र्यांच्या बागा होत्या तेथें वॉल्ट डिस्नेनें १७ जुलै १९५५ रोजीं ही नगरी उघडली. तिच्याभोंवतीं मातीचा उंच बांध घातलेला आहे. हेतु असा कीं, आंत आलेल्यास बाहेरचें जग दिसूं नये. प्रवेशद्वारांतून आंत जातांच जो मुख्य रस्ता लागतो तो विसाव्या शतकाच्या आरंभींच्या एखाद्या लहान अमेरिकन गांवाचा आहे. डिस्नेचें बालपण ज्या मार्सेलीन गांवीं गेलें त्याची त्यांत आठवण आहे. या रस्त्यावरील घरांचे वरचे मजले खालच्यांहून मुद्दाम लहान मापाचे बांधले आहेत, त्यामुळें घरें आहेत त्याहून उंच दिसतात. समोरचा राजवाडाही अवघा ७७ फूट. परंतु वरच्या विटा खालच्या विटांपेक्षां लहान असल्यामुळें पाहणारास तो गगनचुंबी भासतो. डिसेंबरांत त्या रस्त्याच्या तोंडाशीं ६० फूट उंचीचा नाताळवृक्ष उभा राहतो. शेजारीं २००१ सालीं उघडलेली दुसरी नगरी आहे. तेथें २०१६ पासून भरणाऱ्या उत्सवांत ख्रिस्ती सणाबरोबर यहुद्यांचा हनुका व आपली दिवाळीही मांडलेली असते. नाताळानंतरच्या दिवाळीविषयीं पंचांगकर्त्यांनीं काय तें बोलावें. व्यापाऱ्यांच्या तिथि निराळ्या असतात.

रात्रीं आतषबाजी संपली आणि मुख्य रस्त्यावर हिम पडूं लागलें. ज्या प्रांतांत डिसेंबरांत संत्रीं पिकतात तेथें हिम कोठून येणार? तो साबणासारख्या द्रवाचा फेस असतो, यंत्रानें छपरांवरून उडविलेला. आमची पुतणी म्हणाली, “काका, हा साबण आहे हं!” आणि एवढें सांगून तिनें दोन्ही हात वर करून तळव्यांवर तो फेस झेलण्यास आरंभ केला. चेहऱ्यावर आनंद असा होता कीं, खऱ्या हिमप्रदेशांतील मुलांच्या चेहऱ्यावर तो क्वचितच दिसत असेल, कारण त्यांना तें हिम खोऱ्यानें बाजूला करावें लागतें.

या मुलीची फसवणूक झाली होती काय? आमचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकरांनीं वाङ्मयानंदाची जी मीमांसा केली तिला त्यांनीं ‘सविकल्प समाधि’ असें नांव दिलें. आपण कोण आहों याची जाणीव न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेशीं तादात्म्य पावणें, एकाच वेळीं आपणही राहणें व तोही होणें, यांत त्या आनंदाचें मर्म आहे असें त्यांचें म्हणणें. त्या सिद्धान्तावर विद्वानांनीं पुष्कळ आक्षेप घेतले; परंतु साबण आहे हें सांगून मग हात वर करणारी ती मुलगी आम्हांला केळकरांच्या बाजूची उत्तम साक्षीदार वाटली.

शिवाय हा प्रकार आपल्यास परका आहे असेंही नाहीं. दिवाळीच्या सुटींत महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत दगड, माती व गोणपाट यांचा किल्ला रचतात. त्यावर हळीव पेरून हिरवळ उगवितात, आरशाच्या तुकड्याचें तळें करतात आणि मातीचे मावळे उभे करतात. सिंहासनावरचे महाराज महाद्वारापेक्षां उंच असतात, त्यामुळें ते आंत कसे गेले हा प्रश्न कोणा मुलास पडत नाहीं. डिस्नेच्या स्थापत्यकारांनीं जें मापांचें गणित कागदावर केलें तें आपलीं मुलें पिढ्यान् पिढ्या डोळ्यांच्या अंदाजानें करीत आलीं आहेत. मात्र एक मोठें अंतर या दोहोंत आहे. किल्ला ज्यांनीं केला तेच त्यावर पणती लावतात. माती कालविणारे हात आणि कौतुकानें पाहणारे डोळे एकाच मुलाचे असतात. ॲनाहाइमला तसें नाहीं.

तेथें काम करणाऱ्या प्रत्येकास, मग तो तिकिटें तपासणारा असो कीं कचरा झाडणारा असो, ‘कास्ट मेंबर’ म्हणजे नाटकमंडळींतील पात्र म्हणतात. लोकांसमोरची जागा ती रंगभूमि, आणि उरलेली पडद्यामागची. फ्लॉरिडांत १९७१ सालीं या मंडळींनीं जी दुसरी नगरी उघडली तिच्या खालीं तर नोकरांच्या जाण्यायेण्यासाठीं बोगदेवजा मार्गच बांधलेले आहेत, म्हणजे एका देखाव्यांतलें पात्र भलत्याच देखाव्यांत दिसून रसभंग होऊं नये. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीनें १९८३ सालीं विमानांतील परिचारिकांच्या नोकरीचा अभ्यास करून दाखविलें कीं, अशा नोकऱ्यांत अंगमेहनतीबरोबर मनुष्याचें हसणें, त्याचा जिव्हाळा हाही पगाराच्या हिशेबांत धरला जातो. विकत घेतलेलें हसें खोटेंच असतें असें आम्ही म्हणत नाहीं. वैद्य फी घेऊनच धीर देतो, आणि त्यानें आलेला धीर खरा असतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या कुशलतेनें बांधापलीकडचें जग दिसेनासें केलें, त्याच कुशलतेनें बांधाच्या आंतला मनुष्यही दिसेनासा केला, तर त्या आनंदाला काय म्हणावें?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो आमच्या मातोश्रींमुळें. आम्ही सर्व मिरवणुकीकडे पाहत असतां त्या एका बांकावर बसून, लांब दांड्याच्या झाडूनें मक्याच्या लाह्या टिपणाऱ्या एका मध्यमवयीन गृहस्थाकडे पाहत होत्या. तो जवळ आला तेव्हां त्यांनीं सरळ मराठींत विचारलें, “तुझ्या घरीं आज सण नाहीं का रे?” बंधूंस संकोच वाटला, तरी त्यांनीं भाषांतर केलें. तो गृहस्थ मूळचा मेक्सिकोकडचा. झाडू टेकून तो म्हणाला, आहे तर. मध्यरात्रीं जेवण असतें. पाळी संपवून आपण पोंचेपर्यंत मुलें जागीं राहतात. मक्याच्या कणसाच्या सोलपटांत पीठ भरून उकडलेले तामाले असतात. “म्हणजे आमच्या पातोळ्याच कीं,” मातोश्री म्हणाल्या, “आणि करतें कोण?” बायको आणि दोघी बहिणी, दोन दिवसांपासून लागल्या आहेत, असें त्यानें सांगितलें. मातोश्री हंसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे तेथेंही तेंच.” हें शेवटचें वाक्य बंधूंनीं भाषांतरित केलें नाहीं.

आम्हांस मात्र त्या वाक्यानें फार दूर नेलें. सणाचा दिवस म्हणजे विश्रांतीचा दिवस, ही व्याख्या पंगतींत बसलेल्यांनीं केलेली आहे. आपल्या घरच्या दिवाळींतही अभ्यंगाचें पाणी पहाटे कोणी तरी तापवितें आणि चकलीचा घाणा कोणी तरी काढतें. तें ‘कोणी तरी’ पुरुषांच्या आठवणींत फराळाच्या ताटापुढें उभें राहत नाहीं. आमच्या वर्गांत सणांच्या आठवणींवर निबंध लिहावयास दिला असतां मुलगे चवीविषयीं लिहितात आणि मुली धुराविषयीं. तेव्हां पडद्यामागची जागा ही डिस्नेची कल्पना नव्हे. त्यानें तिचा नकाशा काढला, तेथें पाळ्या बांधल्या आणि पगार दिला. आपल्या माजघरांत पहिल्या दोन गोष्टींचा विचार नाहीं आणि तिसरीचें तर नांवच काढावयास नको. हा हिशेब एकदां मांडला म्हणजे परदेशाच्या कृत्रिमपणावर टीका करण्याचा उत्साह बराच ओसरतो.

यावर कोणी म्हणेल कीं, दिसूं नये अशीच कलावंताची स्वतःची इच्छा असते. हा आक्षेप वजनदार आहे. १२ मार्च १९११ रोजीं ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती, आणि तरीही ते भामिनीच्या भूमिकेंत उभे राहिले. प्रेक्षकांचा आनंद त्या रात्रीं खोटा नव्हता, आणि त्यांचें दुःखही खोटें नव्हतें. पण ही कथा आपण शंभराहून अधिक वर्षें सांगत आलों आहों, याचाच अर्थ भामिनीच्या शालूआडचा बाप मराठी रसिकाला माहीत आहे आणि माहीत असावा असें त्याला वाटतें. डिस्नेलँडांत उंदराच्या मुखवट्याआंत जो तरुण वा तरुणी दिवसभर मुलांना मिठ्या मारतें, त्याचें नांव मात्र कोठेंही छापलेलें नसतें. छापलें तर मुलांच्या लेखीं उंदीर मरेल, ही अडचणही खरीच आहे. मे २०२४ मध्यें तेथील सुमारें १७०० मुखवटेधारी व मिरवणुकींतील कलावंतांनीं मतदान करून नटांच्या राष्ट्रीय संघटनेंत सामील होण्याचा निर्णय घेतला. सर्वांनाच पात्र म्हणणाऱ्या नगरींत खरोखरीच्या पात्रांना आपण नट आहों हें ठरविण्यासाठीं सत्तर वर्षें लागावीं, ही गोष्ट आम्हांस त्या सगळ्या देखाव्यांहून अधिक विचार करण्याजोगी वाटली.

केळकरांच्या शब्दांतच बोलावयाचें तर समाधि सविकल्प असावी, ही अट हिमापुरती ती मुलगी सहज पाळते. मनुष्यांच्या बाबतींत ती पाळणें थोरांस जड जातें. साबण आहे हें आठवणीत ठेवून हिमाचा आनंद घेतां येतो. समोरच्यास मध्यरात्रीं घरीं पोंचावयाचें आहे हें लक्षांत ठेवून मिरवणुकीचा आनंद कां घेतां येऊं नये, हें आम्हांस समजत नाहीं. मातोश्रींनीं तो घेतला. मिरवणूक त्यांनीं शेवटपर्यंत पाहिली आणि सांताक्लॉजला नमस्कारही केला.

त्यानंतरच्या दिवाळींत फराळ विकत आणावा असा प्रस्ताव आमच्या मुलीनें घरांत मांडला. मातोश्रींनीं विचारलें, “करतें कोण?” मुलीनें दुकानाचें नांव सांगितलें. “दुकान नव्हे ग, करतें कोण?” मुलगी चौकशी करून आली: मागच्या गल्लींतील दोन खोल्यांत सात बायका सकाळीं सहापासून चकल्या पाडतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारीं घरीं जातात. फराळ तेथूनच आला. आणावयास मातोश्री स्वतः गेल्या होत्या, आणि परत येण्यास त्यांना दीड तास लागला.