योसेफाचें क्षौर

(मंडळींतील तरुणांकरितां व त्यांच्या उपदेशकांकरितां)

वाचन : उत्पत्ति, अध्याय ४१, ओव्या १ ते १६

योसेफाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. सात पुष्ट गाई आणि सात रोड गाई शब्बाथ शाळेंतील पोरांसही ठाऊक असतात. परंतु ह्याच अध्यायाच्या चौदाव्या ओवींत एक बारीकशी गोष्ट आहे, ती आपण बहुधा घाईनें ओलांडून जातों. राजाचें बोलावणें आलें, तुरुंगाचें दार उघडलें, आणि फारोपुढें उभा राहण्यापूर्वी योसेफानें क्षौर केलें व वस्त्रें पालटलीं. पवित्र शास्त्र शब्दांची उधळपट्टी करीत नाहीं. मग एका मोठ्या देशावर सात वर्षांचा दुष्काळ येऊं घातला असतां एका कैद्याच्या हजामतीची नोंद ठेवण्याचें प्रयोजन काय?

मिसरी लोक दाढी राखीत नसत. इब्री लोक राखीत. अस्ताव्यस्त वाढलेले केस मिसरी माणसास किळसवाणे वाटत. योसेफ सतरा वर्षांचा असतां विकला गेला आणि तीस वर्षांचा असतां राजापुढें उभा राहिला. म्हणजे तेरा वर्षांत त्या देशाची रीत त्यास पुरती कळली होती. ती त्यानें मान्य केली. ज्याच्या घरीं जावयाचें त्याच्या डोळ्यांस त्रास होऊं नये, इतकी ही साधी सभ्यता होय. पण पुढें दोनच ओव्या वाचा. स्वप्नाचा अर्थ तुला सांगतां येतो असें ऐकतों, असें राजा म्हणतांच योसेफ तत्काळ उत्तर देतो कीं हें सामर्थ्य माझें नव्हे, तें देवाचें आहे. त्यानें दाढी काढली, परंतु आपला देव लपविला नाहीं.

आतां हा विषय मी आज कां घेतों तें सांगतों. आपली भिवपुरी नेरळ व कर्जत ह्यांच्या मध्यें आहे. सभोंवतालच्या वाड्यांतील मुलें सकाळच्या लोकलनें मुंबईकडे कामास जातात. कित्येक कर्जतच्या बाजूस फार्महाउसांवर व हॉटेलांत राबतात. बापाच्या काळीं भातलावणी, वीटभट्टी व कोळशाची भट्टी एवढेंच काम होतें, आणि तेथें कोणी कोणाचें तोंड पाहत नसे. आतां मुलास रोज अनोळखी लोकांपुढें उभें राहावें लागतें. तो आरशांत पाहूं लागला तर त्यांत नवल तें काय? परंतु आमच्या मंडळ्यांतील वडीलधारे लगेच कुरकुरतात. ‘आत्म्याचें पाहा, केसांचें काय घेऊन बसलां!’ आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सोळावा अध्याय काढून दाखवितात, कीं मनुष्य बाहेरचें पाहतो व देव हृदय पाहतो.

खरें आहे. पण तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा. शमुवेलानें अलियाबाची उंची पाहून भुलूं नये, एवढाच तेथील बोध आहे. त्याच अध्यायांत दावीद तांबूस वर्णाचा, सुंदर डोळ्यांचा व देखणा होता असेंही लिहिलें आहे. शास्त्रास तें सांगण्यास लाज वाटली नाहीं. आणि प्रभूनें डोंगरावरील उपदेशांत उपास करणारास काय सांगितलें? डोक्यास तेल लाव, तोंड धू. म्हणजे पारोसें राहणें ही भक्तीची खूण नव्हे. विदर्भांतील गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचीं वस्त्रें घालून गांवोगांव हिंडले, पण हातांत खराटा असे आणि ज्या गांवीं जात तो गांव आधीं झाडून काढीत. त्यांच्या चिंध्यांस कोणी घाण म्हटलें नाहीं.

ह्या संबंधांत आपल्याच जिल्ह्यांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या काळीं ह्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. रायगड हें नांव १९८१ पासूनचें. महाड येथें १९२७ च्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें घेतलें हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथें पुन्हा परिषद भरली असतां त्यांनीं जमलेल्या स्त्रियांस उद्देशून पोशाखाविषयीं भाषण केलें, हें मात्र थोड्यांच्या ध्यानांत असतें. ज्यांवरून जात ओळखूं येते असे जड दागिने टाकून द्या, लुगडें नीट नेसा, वस्त्र जुनें असलें तरी चालेल पण तें स्वच्छ असूं द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ते स्वतः कोट व टाय घालून सभेंत उभे राहत. उलट १९२१ सालीं गांधीजींनीं मदुरेस सदरा-टोपी टाकून नुसता पंचा नेसला. एकानें वस्त्र चढविलें, दुसऱ्यानें उतरविलें. ह्यांत विरोध नाहीं. बॅरिस्टरानें गरिबांसाठीं कपडे टाकणें ही जशी साक्ष, तशीच ज्याच्या वाडवडिलांस चांगलें नेसण्याची मनाईच होती त्यानें धुतलेला, इस्त्री केलेला सदरा घालून मान वर करून चालणें हीही साक्षच. गांवचा न्हावी अस्पृश्य मानलेल्यांच्या केसांस हात लावीत नसे, ही गोष्ट फार जुनी नव्हे. अशा घरचा मुलगा आज सलूनांतल्या खुर्चींत बसून आरशांत पाहतो, तेव्हां त्यास नुसती चैन म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं थोडें थांबावें. ‘कातकऱ्याच्या पोराला बूट कशाला?’ असे उद्गार मीं मंडळीच्या पायरीवरच ऐकले आहेत. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याच्या अंगठीवाल्यास पुढची जागा देणाऱ्यांस दोष देतो. बूट घातलेल्या गरिबास हंसणारेही त्याच दोषांत येतात.

आतां माझा स्वतःचा अपराध सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं.

गेल्या उपवासकाळांत एका रविवारीं आमच्या मंडळींतील एक एकोणीस वर्षांचा मुलगा उशिरानें येऊन मागच्या बाजूस बसला. केस तांब्याच्या रंगाचे, कानांवर उडविलेले. विजार गुडघ्यांवर मुद्दाम फाडलेली. माझा विषय दुसराच होता. पण त्यास पाहतांच मला अबशालोम आठवला, आणि ज्या केसांचें वजन दोनशें शेकेल भरे त्या केसांचा अभिमान धरणारा राजपुत्र शेवटीं एला झाडास डोकें अडकून कसा लोंबकळला, तें मीं रंगवून सांगितलें. लोक मागें वळून पाहूं लागले. कांहीं हंसले. मला, देवापुढें खरें सांगतों, त्या हंसण्याचा आनंद झाला. मुलगा प्रार्थनेपूर्वींच उठून गेला व पुढें पांच महिने मंडळींत आला नाहीं.

ज्यास असे शब्द बोलवले, तो मी कोण? सेमिनरीस प्रथम गेलों तेव्हां माझ्यापाशीं एकच सदरा होता, आणि त्याच्या कॉलरला काय वास येई तें मला कळत नसे. वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला एकांतीं नेलें, कॉलर साबणानें कशी घांसावी व रात्रीं धुवून सकाळपर्यंत कशी वाळवावी तें दाखविलें, आणि ही गोष्ट जन्मांत कोणापाशीं काढली नाहीं. असा उपकार माझ्यावर झाला असतां मीं व्यासपीठावरून दुसऱ्याची लाज उघडी केली.

अम्मोनी राजा हानून ह्यानें दावीदाच्या दूतांची अर्धी दाढी भादरली व वस्त्रें मध्येंच कापून त्यांस परत पाठविलें. तेव्हां दावीदानें त्यांस दरबारांत बोलाविलें नाहीं. लोक फार लज्जित झाले आहेत हें जाणून, दाढी वाढेपर्यंत यरीहोंत राहा असा निरोप त्यानें पुढें धाडला. मी दावीदाऐवजीं हानूनाचें काम केलें. उपदेशक बंधूंनो, दोन्ही कामें आपल्या हातून होऊं शकतात हें ध्यानांत ठेवा.

पावसाळ्याच्या तोंडीं मी त्या मुलाच्या वाडीवर गेलों. तो कामावर होता. आई दारांत तांदूळ पाखडीत होती. तिनें बसावयास दिलें, पाणी दिलें, आणि मग म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्ही त्याचे केस बघितले. तोंड नाहीं बघितलं.” तो ज्या ठिकाणीं कामास असे तेथें येणारे पाहुणे त्याच्या काळ्या रंगावरून थट्टा करीत. मुलानें पगारांतून एक मलमाची नळी आणली, नंतर दुसरी. पहिल्या महिन्यांत तोंड उजळलें. मग लाल झालें, उन्हांत निघालें कीं भाजूं लागलें, गालांवर पुटकुळ्या आल्या, आणि मलम बंद केलें कीं सारें दुप्पट होई. केस रंगविले ते लोकांची नजर तोंडावरून निघावी म्हणून. मी केसांवरच बोललों!

बंधुजनहो, ह्या मलमांविषयीं थोडें स्पष्ट लिहिणें अवश्य आहे, कारण प्रत्येक बाजारपेठेंत तीं मिळतात. कित्येक नळ्यांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल ह्यांसारखीं स्टेरॉइड औषधें असतात. वैद्यानें मोजून दिलीं तर तीं गुणकारी. पण गोरेपणासाठीं महिनोन्‌महिने चोळलीं तर कातडी पातळ पडते व सवय लागल्याप्रमाणें नळी सुटत नाहीं. पावसाळ्यांत ओल्या कपड्यांनीं जांघेंत नायटा होतो, त्यावर हेंच मलम लाविलें कीं खाज दबते आणि नायटा आंतून पसरतो. अशा चौदा स्टेरॉइड मलमांस २०१८ सालीं भारत सरकारनें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची बंदी केली, तरी दुकानांतून तीं मागतांच हातीं पडतात. दुसरा प्रकार पाऱ्याच्या मलमांचा. पारा कातडीचा रंग बनूं देत नाहीं, पण तो शरीरांत शिरून मूत्रपिंडांस धरतो. केरळांत मलप्पुरम जिल्ह्यांतील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं २०२१ ते २०२३ ह्या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रोगी तपासले. त्यांपैकीं १५ जणांत एकच खूण सांपडली, आणि त्या १५ तील १३ जण गोरेपणाचें मलम लावीत होते. ज्या नळीवर करणाराचें नांव, पत्ता व आंतील पदार्थ लिहिलेले नाहींत ती घरांत आणूं नये.

आणि ह्या रंगाच्या लाजेचें मूळ कोठें? ‘फेअर अँड लव्हली’ नांवाचें मलम आपल्या देशांत १९७५ पासून विकलें गेलें. पुरुषांसाठीं निराळें मलम २००५ सालीं दुसऱ्या एका कंपनीनें काढलें. २०२० मध्यें पहिल्या कंपनीनें ‘फेअर’ हा शब्द नांवांतून काढून टाकला. शब्द गेला, पण लग्न जुळवितांना विचारला जाणारा प्रश्न गेला नाहीं, आणि तो आमच्या ख्रिस्ती घरांतही विचारला जातो. गीतरत्नांतील वधू आपण काळी असून सुंदर आहों असें निःसंकोच सांगते. ह्या वचनावर मीं आजवर एकही उपदेश ऐकला नाहीं, व केलाही नाहीं.

तर मग तरुणानें काय करावें? फार खर्चाचें असें कांहींच नाहीं. रोज स्नान, आणि घामाच्या जागा साबणानें धुणें. ज्यानें हें केलें नाहीं त्यानें अत्तराचा फवारा मारून उपयोग नाहीं. दोन सदरे असले तरी पुरे, एक अंगावर व एक वाळत. नखें कापावीं. मशेरी व तंबाखू सोडावी. महाराष्ट्रांत गुटख्यास २०१२ पासून बंदी आहे तरी पुड्या खिशांत सांपडतात, आणि काळ्या दांतांपेक्षां तोंडाच्या कर्करोगाचें भय मोठें. न्हाव्याकडे दाढीस बसल्यावर नवें पातें मागण्यास लाजूं नये, कारण दुसऱ्याच्या रक्तानें ओलें झालेल्या पात्यानें कावीळ व त्याहून वाईट रोग लागतात. बूट हप्त्यानें घेऊं नयेत. हप्ता चुकला कीं बूट पायांत राहतात आणि झोप जाते.

आणखी एक. घाटावरील ठोकरवाडीच्या धरणाचें पाणी नळांतून भिवपुरीच्या वीजघरावर १९२२ पासून कोसळत आहे, व त्याच्या विजेनें मुंबईचे दिवे लागले. पण त्याच डोंगराच्या पायथ्याच्या कित्येक वाड्यांत उन्हाळ्यांत हंडा भरावयास बायकांस दूर जावें लागतें. तेव्हां तरुण बंधो, तूं सकाळीं दोन बादल्या घेऊन अंग स्वच्छ करतोस, त्या बादल्या कोणाच्या डोक्यावरून आल्या? आईच्या किंवा बहिणीच्या आल्या असतील तर उद्यांपासून हंडा तूं उचल. मुलानें पाणी आणणें कमीपणाचें, ही समजूत आपल्या घरांत अजून आहे. ती धुवावयास साबण लागत नाहीं.

त्या मुलाची मीं क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. चप्पल जमिनीवर घांसीत उभा राहिला. मग आम्ही दोघे सरकारी दवाखान्यांत गेलों व डॉक्टरांनीं मलम हळूहळू सोडविण्याची रीत सांगितली. बरें होण्यास कांहीं महिने लागतील असें ते म्हणाले. तोंड अद्याप डागाळलेलें आहे, आणि केसांचा रंग मुळांकडून काळा होत चालला आहे; अर्धे तांबडे, अर्धे काळे. गेल्या रविवारीं तो आला, पुन्हा मागेंच बसला. अर्पण गोळा करण्याची पाळी ज्याची होती तो आजारी होता. मीं थाळी त्या मुलाच्या हातीं दिली. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग पहिल्या बांकापासून सुरुवात करून सर्व मंडळींच्या तोंडापुढून ती नेऊं लागला.