शेजारच्या घरचे पेढे



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामात पुढचे दोन महिने एकच विषय असतो: कुणाला कुठे प्रवेश मिळाला. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स पुढे करते, ‘मुलीचं नाव पहिल्या यादीत लागलं’ असे सांगते. आपण पेढा उचलतो आणि विचारतो, ‘टक्के किती होते? मायनॉरिटी कोट्यातून का? डोनेशन किती घेतलं?’ अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदाने दिला आहे. त्यामुळे मिळालेल्या जागेला आपणच चोरीचा माल का ठरवावे?

संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात, आनंदात असलेल्यांच्या आनंदात आणि रडणाऱ्यांच्या दुःखात आपण सहभागी व्हावे असे सांगितले आहे. दुसरी गोष्ट आपल्याला छान जमते. गावात मयत झाली की आपण कामावर रजा टाकून जातो. पहिली मात्र अवघड. चौथ्या शतकातील संत योहान ख्रिसोस्तोम याच वचनावर बोलताना म्हणतात की, दुसऱ्याच्या संकटात रडू येणार नाही इतका दगड कुणीच नसतो. पण दुसऱ्याचे भले झालेले पाहून हेवा न करता आनंद मानायला फार मोठे मन लागते.

३१ मे रोजी, निकालांच्या दिवसांतच, आपण पवित्र मरियेच्या भेटीचा सण पाळतो. एलिझाबेथने वांझ म्हणून आयुष्यभर लोकांची बोलणी सोसली होती. उतारवयात तिला दिवस गेले, सहावा महिना लागला. तिच्याकडेही सांगण्यासारखे खूप होते. पण दारात आलेल्या तरुण मरियेला पाहताच तिने आधी तिला धन्य म्हटले. आपल्या पोटातल्या बाळाचा उल्लेख तिने केला, तोही मरियेचे कौतुक करण्यासाठीच.

ज्या घरातल्या मुलाचे नाव यादीत लागले नाही, त्या आईबापांच्या घशाखाली तो पेढा उतरत नाही, हे आपण सारे जाणतो. जीव तुटणे हे पाप नाही. अशा वेळी त्या मुलीचा हात हातात घेऊन ‘अभिनंदन, बाळा’ एवढे म्हटले तरी पुरे; बाकीचे परमपवित्र साक्रामेंतासमोर बसून बोलावे. घरी जाऊन ‘बघ, तिला मिळालं’ असे मात्र आपल्या मुलाला ऐकवू नये. तो ते चर्चच्या आवारात आधीच ऐकून आलेला असतो. आणि पेढे वाटणाऱ्यांनीही दुसऱ्याच्या मुलाला चारचौघांत ‘तुझं काय झालं?’ असे विचारू नये.

पुढच्या फेरीच्या याद्या अजून लागायच्या आहेत. गेल्या वर्षी ज्या मुलामुलींनी ऑनलाईन पसंतीक्रम भरले होते, त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर थोडा वेळ थांबावे. काही घरांना त्यांची गरज आहे.